म्वालिमूंचा संरक्षित खड्डा

संडास बांधणं ही काही इतिहासात नोंद व्हावी अशी गोष्ट नाही. निवृत्त मुख्याध्यापक ग्रँटन म्वाचोफी यांचंही तेच मत होतं. त्यांचा अंदाज तीन आठवड्यांचा होता: एक आठवडा खड्डा, एक आठवडा भिंती आणि एक आठवडा शेजाऱ्यांचे सल्ले ऐकायला. केनियातल्या आमच्या टाइटा टेकड्यांवर शेजाऱ्यांच्या सल्ल्याशिवाय बांधकाम उभं राहत नाही, आणि राहिलंच तर ते पडेपर्यंत शेजाऱ्यांना चैन पडत नाही.

गरज मात्र खरी होती. वाकिओची आई, म्हणजे त्यांची बायको, उजव्या गुडघ्याने पार हैराण झाली होती. घरचा जुना संडास उताराच्या तळाशी, केळीच्या बागेच्याही पलीकडे. तो बांधला तेव्हा दोघं तिशीत होते आणि संडास घरापासून जितका लांब तितकं घर सभ्य, अशी समजूत होती. आता तोच सभ्यपणा दिवसातून चार-पाच वेळा उतरायचा आणि चढायचा. वुन्दान्यीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरने गुडघा दाबून पाहिला आणि चढ-उतार बंद करायला सांगितलं. डॉक्टर खालच्या सपाटीवरचा होता, त्यामुळे त्याला माफ करायला हवं.

चाळीस वर्षं शिकवल्यामुळे सगळा गाव त्यांना म्वालिमू म्हणजे गुरुजी म्हणे. म्वाचोफी हे नाव फक्त पेन्शनच्या कागदावर उरलं होतं. तर म्वालिमू बायकोला म्हणाले, "नाताळच्या आत तू घरातल्या घरात जाशील."

वाकिओची आई म्हणाली, "बघू."

लग्नाला एकेचाळीस वर्षं झाल्यावर बायका हा शब्द फार जपून वापरतात. म्वालिमूंनी त्याचा अर्थ 'आनंद झाला' असा घेतला.

सल्ल्यांची सुरुवात शेजारच्या एलिफास म्शीलाने केली. म्शीला टपाल खात्यातून निवृत्त. स्वतःच्या छपराची गळती त्याला नऊ वर्षांत थांबवता आली नव्हती, पण दुसऱ्याच्या बांधकामात त्याची नजर इंजिनियरची. त्याने काठी टेकत टेकत घराला दोन प्रदक्षिणा घातल्या, माती बोटांत चुरून पाहिली, वासही घेतला आणि खड्डा स्वयंपाकघरामागे केळीतच काढायचा, असा निकाल दिला. तिथली माती लोण्यासारखी आहे, म्हणाला. पुढे वर्षभर म्शीला सगळ्यांना सांगत होता की, असं आपण बोललोच नव्हतो.

मोम्बासाला परिचारिका असलेल्या त्यांच्या मुलीने, वाकिओने, तिकडून बसच्या टपावर बांधून एक पांढराशुभ्र कमोड पाठवला. तो आला तेव्हा गाव बघायला जमला. खड्डा तयार नसल्यामुळे तो व्हरांड्यात ठेवला गेला आणि तिथे त्याचं स्थान इतकं पक्कं झालं की, आलेगेले त्याच्यावर टोप्या ठेवू लागले.

खोदायला म्घांगा नावाचा तगडा गडी होता. दुसऱ्या दिवशी खड्डा त्याच्या कमरेपर्यंत गेला असताना त्याने फावड्यावरून काहीतरी बाहेर फेकलं. वीतभर लांब, निळसर-गुलाबी, ओलं, वळवळणारं. कोंबडी धावली. वाकिओची आईही त्याच वेळी राख टाकायला बाहेर आली होती. तिने ते पाहिलं आणि परत चुलीकडे गेली. आमच्याकडे जन्मलेल्या प्रत्येकाने हे जनावर हजारदा पाहिलेलं आहे. केळीच्या मुळाशी खणलं की ते निघतं, कोंबड्या खातात आणि विषय संपतो.

पण म्वालिमूंनी चाळीस वर्षं विज्ञान शिकवलं होतं आणि निवृत्तीनंतर पाच वर्षं त्यांना कुणी काही विचारलेलं नव्हतं. त्यांनी कोंबडीला हाकललं, जनावर तळहातावर घेतलं आणि खड्ड्यातल्या म्घांगाला वरून पाठ दिला. हे गांडूळ नव्हे, हे देवगांडूळ. ह्याला कणा आहे, जबडा आहे, दात आहेत. हा बेडकाचा भाऊबंद, फक्त पाय विसरलेला. म्घांगाने विचारलं की, मजुरी रोजावर आहे की खोलीवर? म्वालिमूंना विद्यार्थी नेहमी असेच मिळाले होते.

इथेच थांबले असते तर नाताळपर्यंत सगळं पार पडलं असतं. पण त्यांनी त्या दुपारी आखीव कागद काढला, शाईचं पेन काढलं आणि नैरोबीच्या संग्रहालयाला साडेतीन पानी पत्र लिहिलं. सोबत देवगांडुळाचं चित्र, तोंड आणि शेपूट यांवर बाणांनी खुणा करून. अक्षर असं की फलकावर लावावं. पेन्शनमधली जन्मतारखेची चूक दुरुस्त करा, म्हणून ह्याच सरकारला ते पाच वर्षं लिहीत होते आणि सरकार मौन पाळून होतं. ह्या पत्राचं उत्तर नवव्या दिवशी आलं. तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

उत्तरामागोमाग डॉ. अदोयो आल्या. व्हिक्टोरिया सरोवराकडच्या, उंच, चष्मा लावलेल्या, जनावरांपेक्षा माणसांशी जरा कमी बोलणाऱ्या बाई. त्या गाडीतून उतरल्या त्या थेट खड्ड्यात. दिवसभर गुडघ्यांवर रांगून त्यांनी खड्डा आणि केळीची बाग मिळून एकतीस देवगांडुळं मोजली आणि मातीने भरलेले हात पुसायलाही विसरून म्हणाल्या की, ही जात ह्या टेकड्यांपलीकडे जगात कुठेही नाही, आणि तिची एवढी दाट वस्ती त्यांनी आजवर पाहिलेली नाही. खोदकाम दोन आठवडे थांबवावं, अशी त्यांनी हात जोडून विनंती केली. म्वालिमूंचा ऊर भरून आला. आपल्या मागच्या अंगणात जगात कुठे नाही असं काही असावं, हे निवृत्त माणसाला कसं वाटतं ते निवृत्त माणसालाच कळेल. त्यांनी म्घांगाला घरी पाठवलं.

ते दोन आठवडे चौदा महिने चालले.

आधी खड्ड्याभोवती पिवळी फीत आली. मग भूमिगत जीव रक्षण मंच नावाची एक संस्था आली, तिच्यामागे तिची गाडी, गाडीमागे फलक. मग टी-शर्ट. टी-शर्टवरचं देवगांडूळ चित्रकाराने न पाहताच काढलं असावं. म्शीलाच्या मते ते सॉसेज होतं आणि त्याला ते पाहून भूक लागायची. खालच्या वोई शहरात हॉटेलात सभा भरली. तिथे कोंबडी होती, पिलाव होता, वह्या-पेनं होती. जमलेल्यांनी रंगीत चिकट-चिठ्ठ्यांवर आपापली स्वप्नं लिहून भिंतीला लावली. म्वालिमूंना सर्वानुमते खड्डा समितीचं अध्यक्ष करण्यात आलं आणि त्यांच्या खिशावर 'पालक' असा बिल्ला लावण्यात आला. निवृत्तीच्या दिवशी घड्याळ मिळालं होतं, त्यानंतरचा हा पहिला सन्मान.

पुढे दत्तक योजना निघाली. दूरदेशीचे लोक एकेक देवगांडूळ दत्तक घेत, त्यांना प्रमाणपत्र जाई आणि ते जनावराला नाव ठेवत. एका बाईंनी आपल्याचं नाव डोरोथी ठेवलं होतं. त्या दर महिन्याला डोरोथीची खुशाली विचारत. डोरोथी नेमकी कोणती, हे डोरोथीलासुद्धा सांगता आलं नसतं. पण म्वालिमू प्रत्येक पत्राला शाईच्या पेनाने उत्तर देत. डोरोथी बरी आहे, पावसामुळे जरा खोल गेली आहे, आपल्याला नमस्कार सांगते. नमस्कार सांगताना त्यांना किंचित लाज वाटे, पण अक्षर बिघडत नसे.

संडासाचं काय, असं तुम्ही विचाराल. म्वालिमूंनीही विचारलं होतं, सुरुवातीला. बागेत दुसरीकडे खणू का, म्हणून त्यांनी अर्ज केला. वन्यजीव कार्यालय म्हणालं, हत्ती असेल तर बोला, हे आमच्या यादीत नाही. शेती कार्यालय म्हणालं, पिकाला त्रास देत नसेल तर आमचा संबंध नाही. आरोग्य खात्याच्या माणसाने येऊन उघडा खड्डा पाहिला आणि तीस दिवसांत तो पुरा करा किंवा बुजवा, नाहीतर खटला, अशी नोटीस दिली. पर्यावरणवाल्यांनी त्याच आठवड्यात दुसरी नोटीस दिली: पुरा कराल किंवा बुजवाल तर खटला. म्वालिमूंनी दोन्ही एकाच फायलीत लावल्या. वाचताना त्यांना आपल्या जुन्या खात्याची आठवण होऊन भरून येई.

संस्थेने एक संडास बांधला, नाही असं नाही. टाइल लावलेला, साखळी ओढली की पाणी येणारा. पण तो खाली रस्त्याला लागून, पाहुण्यांच्या गाड्या थांबतात तिथे, आणि पाहुणे असले की उघडणारा. त्याची फीत म्वालिमूंनी कापली. भाषण पंधरा मिनिटं झालं. वाकिओची आई ते भाषण ऐकायला आली नव्हती. तिथपर्यंतचा उतार तर आणखी मोठा होता.

डॉ. अदोयोंनी एकदा चहा पिता पिता मार्ग सुचवला होता. घराच्या पुढच्या खोलीखाली कोरडा मुरूम आहे, तिथे हे जनावर राहूच शकत नाही. तिथे खुशाल खणा, मी लेखी देते. म्वालिमूंनी चहाचा कप खाली ठेवला. पुढची खोली म्हणजे काय, हे बाईंना कळलेलं नव्हतं. तिथे विणलेल्या आच्छादनांचा सोफा होता, भिंतीवर जिल्हा आयुक्तांशी हस्तांदोलन होतं, प्रमाणपत्रं होती, घड्याळ होतं. "आणि पाहुणे कुठे बसतील?" म्वालिमूंनी विचारलं. वाकिओची आई कप उचलून आत गेली.

त्याच दिवशी डॉ. अदोयोंनी ती दुसरी गोष्टही सांगितली, जी पुढे म्वालिमूंच्या प्रत्येक भाषणात आली. देवगांडुळाच्या आईला पिल्लं झाली की तिची कातडी जाड होते, दुधासारखी पौष्टिक होते. पिल्लं ती कातडी दातांनी सोलून खातात. आई हलत नाही, पडून राहते. दोन-तीन दिवसांत नवी कातडी येते आणि पिल्लं पुन्हा जेवतात.

वाकिओची आई दारात उभी राहून ऐकत होती. "आणि बाप काय करतो?" तिने विचारलं.

"बापाबद्दल अजून नोंद नाही," डॉ. अदोयो म्हणाल्या. "तो सहसा जवळपास सापडत नाही."

"हं," वाकिओची आई म्हणाली.

असं सगळं छान चाललेलं असताना देवगांडुळं गायब झाली. आणि तीही नेमकी कधी, तर मोठे देणगीदार प्रत्यक्ष पाहायला येणार त्याच्या महिनाभर आधी. खड्ड्यात नाहीत, केळीत नाहीत, ओल्या पानांखाली नाहीत. डॉ. अदोयोंनी शास्त्रीय कारण सांगितलं: पाऊस कमी, पाहुण्यांच्या बुटांनी माती घट्ट झालेली, जनावरं खोल गेली. गावाने ते आदराने ऐकून घेतलं आणि आपलं कारण धरलं. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाच्या छातीत राग साठला की, त्याच्या आजूबाजूचं सुकतं. गाय आटते, पोर तापाने फणफणतं, विहीर खाली जाते. रागवणाऱ्याला स्वतःला पत्ताही नसतो. त्यावर आमचा एकच इलाज आहे, कुतासा. चार माणसांदेखत मनातलं बोलायचं, पाण्याचा घोट तोंडात घ्यायचा आणि फवाऱ्यासारखा बाहेर उडवायचा. घोट गेला की राग गेला. तो घोट गिळायचा नसतो. गिळला तर बोललेलं सगळं पुन्हा आत ठेवून घेतल्यासारखं होतं, आणि तसं कुणी केल्याचं गावात ऐकिवात नव्हतं.

राग कुणाचा असणार, हे सांगायला कुणी पंडित लागत नव्हता. ज्याचा संडास अडला त्याचा. एकेक जण ऊस घेऊन, केळी घेऊन म्वालिमूंची विचारपूस करायला येऊ लागला. मन कसं आहे, झोप लागते ना, कुणाबद्दल काही वाटत तर नाही ना? म्वालिमू रविवारी चर्चमध्ये वाचन करणारे गृहस्थ, आपल्या मनात कुणाबद्दल राग नाही, हे त्यांनी पहिल्याला हसून सांगितलं, पाचव्याला हात जोडून सांगितलं आणि अकराव्याला इतक्या जोरात सांगितलं की, कुंपणापलीकडचा म्शीला समाधानाने मान हलवून म्हणाला, "बघा, आहे."

त्या संध्याकाळी म्वालिमूंनी खरोखरच मन तपासलं. शिक्षक माणूस, प्रामाणिकपणे तपासलं. नोटिशींबद्दल राग? नाही. संस्थेबद्दल? मुळीच नाही. उलट नोकरी सुटल्यापासून इतकं बरं त्यांना कधी वाटलंच नव्हतं. सकाळी उठावं, बिल्ला लावावा, कुणीतरी येणार असावं. राग कुठेच सापडला नाही आणि तो सापडला नाही म्हणून त्यांना अस्वस्थ वाटलं. का, ते मात्र त्यांनी तपासलं नाही.

शेवटी म्शीलाने तोड काढली. राग असो नसो, घोट उडवून टाका. गावाचं समाधान होईल, पाहुण्यांना आपली चालरीत दिसेल. संस्थेने कार्यक्रमपत्रिकेत 'पारंपरिक विधी, बारा मिनिटं' असं छापूनही टाकलं, स्वागतगीत आणि भोजन यांच्या मध्ये. म्वालिमूंनी दोन दिवस केळीत उभं राहून सराव केला. फवारा कसा रुंद आणि बारीक यायला हवा.

दिवस उजाडला. मांडव होता, प्लॅस्टिकच्या खुर्च्या होत्या, उन्हाने लाल झालेले सात पाहुणे होते आणि मागे गाव होता. देवगांडूळ नव्हतं, पण त्याचा मोठा फोटो होता. म्वालिमू कोट घालून पुढे आले. त्यांनी आमच्या बोलीत सांगितलं की, माझ्या मनात काही असलं तर ते जावो, माती ओली होवो. घोट घेतला आणि असा फवारा उडवला की उन्हात क्षणभर इंद्रधनुष्य दिसलं. सातही पाहुण्यांनी फोटो काढले. आता रीत अशी की, ज्येष्ठ माणसाने विचारायचं, ह्या घरात आणखी कुणाच्या मनात काही आहे का? उत्तर कुणी देत नाही. म्शीलाने विचारलं आणि तो खुर्चीवर बसायला वळला.

"आहे," वाकिओची आई म्हणाली.

ती स्वयंपाकघराच्या दारातून आली. हळूहळू, गुडघ्यावर हात ठेवत. तिने म्शीलाच्या हातातला पाण्याने भरलेला पोकळ भोपळा घेतला आणि पाहुण्यांकडे न बघता नवऱ्याकडे बघून बोलू लागली. आवाज चढवला नाही.

"तुमच्या किड्यांवर माझा राग नाही, म्वालिमू. ते बिचारे खाली असतात, आपलं आपलं करतात. ह्या बाईवरही नाही. तिने वाट दाखवली होती. पुढच्या खोलीत खणा म्हणाली, लिहून देते म्हणाली. तुम्ही म्हणालात, पाहुणे कुठे बसतील? तेव्हापासून मी मोजतेय. चौदा महिने मी उतरतेय. पावसात बसून उतरले, घसरत. तुम्ही त्या वेळी डोरोथीच्या खुशालीचं पत्र लिहीत होतात. सगळ्या गावाने तुम्हाला विचारलं, मन कसं आहे, मन कसं आहे. माझं कुणी विचारलं नाही. सुकलं असेल काही, तर ते माझ्यामुळे सुकलंय."

तिने घोट तोंडात घेतला. गाव वाट पाहत होता. गाल फुगलेले, डोळे नवऱ्यावर. किती वेळ कोण जाणे. मग तिचा गळा हलला. तिने तो घोट गिळला आणि भोपळा म्शीलाच्या हातात परत दिला.

पाहुण्यांना वाटलं विधी संपला. त्यांनी टाळ्या वाजवल्या, एक बाई उभ्या राहूनही वाजवत होत्या. डॉ. अदोयोंना स्वाहिली येते, आमची बोली येत नाही, पण त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. पाहुण्यांपैकी एकाने वाकून विचारलं की, त्या काय म्हणाल्या? सवयीने सगळ्यांनी म्वालिमूंकडे पाहिलं. आजवर प्रत्येक फलक, प्रत्येक गाणं, प्रत्येक नोटीस त्यांनीच उलगडून सांगितली होती.

म्वालिमूंना खोटं सांगता आलं असतं. सोपं होतं, धरतीमातेला वंदन वगैरे. डोरोथीचे नमस्कार त्यांनी वर्षभर पोहोचवलेच होते. त्यांना लाज वाटत होती. पण ते कोटाची बटणं नीट करून उभे राहिले आणि एकेक वाक्य इंग्रजीत सांगत गेले. काही गाळलं नाही. पत्राचंही सांगितलं, पाहुणे कुठे बसतील हेही सांगितलं. शेवटी म्हणाले, "तिने पाणी गिळलं. आमच्यात ह्याचा अर्थ असा की, राग तिने ठेवून घेतलाय. आणि तो बरोबर आहे."

ह्यावर टाळ्या वाजवायच्या की नाही, हे पाहुण्यांना ठरवता येईना.

वाकिओची आई तोवर उताराकडे वळली होती. भाषणं, विधी काही असो, तिला जायचं होतं. म्वालिमू मांडव सोडून तिच्यामागे गेले आणि त्यांनी तिचा दंड धरला. तिने सोडवून घेतला नाही. उतरताना तिचं सगळं वजन त्यांच्या हातावर आलं. खाली ते दाराबाहेर पाठ करून उभे राहिले, कोट घालून, बिल्ला लावून. परत येताना ती चार वेळा थांबली. दर वेळी दात आवळून, डोळे मिटून, केळीच्या बुंध्याला धरून. चार वेळा थांबावं लागतं हे त्यांना माहीत नव्हतं.

वर आल्यावर त्यांनी बिल्ला काढून खिशात टाकला, पुढच्या खोलीत गेले आणि सोफा एकट्याने ओढत अंगणात आणला. दोन पाहुण्यांना वाटलं आपल्यासाठीच आणलाय. ते आभार मानून त्यावर बसले. म्वालिमूंनी त्यांना उठवलं नाही. ते घड्याळ उतरवायला आत गेले, आणि वाकिओची आई दारात टेकून सांगू लागली की आधी कपाट काढा, घड्याळाचं नंतर बघू.